चेंडूला मन असते तर...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

क्रिकेटमध्ये फलंदाजाने चेंडू टोलवला की तो कुठे जाणार हे त्याच क्षणी ठरून जाते. बॅटचा कोन, मनगटाचा जोर, थोडाफार वारा, बस्स. यात चेंडूला काही म्हणायचे नसते. पण समजा, चेंडूला मन असते आणि बॅट लागल्या क्षणी त्याला किंचित अंग चोरता आले असते, तर? सरळ षटकार जायचा तो आडवा वळून सीमारेषेच्या आतच पडला असता. गोलंदाजांनी पेढे वाटले असते आणि फलंदाजांना नव्याने शिकावे लागले असते.

ही कल्पना गंमत म्हणून मांडली, पण एका व्हिडिओ गेममध्ये ती २००१ सालापासून प्रत्यक्षात आहे. त्या खेळाचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’. घरात दहा ते तीस वयाचे कोणी असेल तर हे नाव कानावरून गेले असेल. मोठ्या माणसांना मात्र त्या खेळाचा पडदा म्हणजे नुसता गोंधळ वाटतो. रंगीबेरंगी बाहुल्या एकमेकांना बदडताहेत, उडताहेत, खाली पडताहेत आणि मुले बटणे बडवताहेत. या गोंधळात एक अतिशय शिस्तबद्ध आणि विचार करायला लावणारी गोष्ट दडलेली आहे. फटका खाऊन उडालेल्या खेळाडूला आपण कुठे जाऊन पडायचे याबद्दल थोडेसे बोलायचा हक्क आहे. तो हक्क कसा चालतो आणि तो का दिला असावा, हे आज पाहू.

जीव नव्हे, टक्के

आधी खेळाची मांडणी. मारामारीच्या नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये दोन खेळाडूंच्या डोक्यावर दोन पट्ट्या असतात. मार बसला की पट्टी कमी होते आणि संपली की खेळाडू बाद. ‘स्मॅश’मध्ये अशी पट्टीच नाही. तिथे प्रत्येकाच्या नावाखाली शून्य टक्के असे लिहिलेले असते आणि मार बसेल तसा हा आकडा चढत जातो. आकडा शंभर झाला म्हणजे माणूस संपला, असेही नाही. दीडशे टक्क्यांवरही खेळाडू उभा असू शकतो. बाद कधी होतो? फटक्याने उडून पडद्याच्या चारी बाजूंना आखलेल्या अदृश्य सीमेपलीकडे गेला की. म्हणजे हा खेळ मारून टाकण्याचा नाही, हाकलून देण्याचा आहे. जपानी सुमो कुस्तीत वर्तुळाबाहेर ढकलतात, तसाच काहीसा.

मग टक्क्यांचे काम काय? आकडा जितका मोठा, तितका माणूस पुढच्या फटक्याने लांब उडतो. या उडण्याला खेळाडू ‘नॉकबॅक’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

हा खेळ मासाहिरो साकुराई या जपानी रचनाकाराचा. तो एचएएल लॅबोरेटरी या कंपनीत असताना त्याचा पहिला नमुना तयार झाला आणि त्याचे प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी केले. इवाता पुढे २००२ साली निन्तेन्दोचे अध्यक्ष झाले आणि २०१५ साली वारले. पहिल्या नमुन्यात मारिओ, पिकाचू वगैरे प्रसिद्ध मंडळी नव्हती, ती नंतर आली. पहिला खेळ जपानमध्ये जानेवारी १९९९ मध्ये निघाला. दुसरा, ‘मेली’ नावाचा, नोव्हेंबर २००१ मध्ये आला. आजच्या विषयाचा खरा नायक हा दुसरा खेळ आहे.

साकुराई यांनी एक आठवण सांगितली आहे. एका गेम पार्लरमध्ये मारामारीच्या खेळात त्यांनी समोरच्याचा धुव्वा उडवला आणि नंतर लक्षात आले, की पलीकडे एक नवखे जोडपे बसले होते. त्यांचा सारा आनंद आपण घालवला, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली. नेहमीच्या खेळांत पाठ केलेल्या फटक्यांची माळ एकदा लागली, की समोरच्याने हात बांधून बघत बसायचे. टक्क्यांच्या पद्धतीने ही माळ मोडते. वीस टक्क्यांवर जो फटका समोरच्याला हाताशी ठेवतो, तोच ऐंशीवर त्याला दूर भिरकावतो. पाठांतर पुरत नाही, दर वेळी नव्याने बघावे लागते.

गणित थोडेसे

हौशी मंडळींनी ‘मेली’चा प्रोग्रॅम उलगडून नॉकबॅकचे सूत्र बाहेर काढले आहे. सूत्र काही इथे घोकायचे नाही, पण त्यात काय काय येते ते ऐकण्यासारखे आहे. फटका बसल्यानंतरचे टक्के, त्या फटक्याची इजा, मार खाणाऱ्याचे वजन आणि प्रत्येक फटक्याला ठरवून दिलेले दोन आकडे. त्यातला एक सुरुवातीचा जोर, दुसरा टक्क्यांबरोबर जोर किती वाढावा याचा.

उदाहरणासाठी मनाने एक फटका घेऊ. इजा १५, सुरुवातीचा जोर ३०, वाढ पूर्ण. समोर मारिओ आहे, ज्याचे वजन या खेळात १०० धरले आहे. फटका बसल्यानंतर मारिओ २० टक्क्यांवर असेल तर नॉकबॅक येतो सुमारे ७२. तोच १०० टक्क्यांवर असेल तर १६७. जिग्लिपफ नावाची फुग्यासारखी गुलाबी बाहुली फक्त ६० वजनाची आहे. तिला १०० टक्क्यांवर हाच फटका १९७ चा बसतो. आणि ११७ वजनाच्या धिप्पाड बाउझरला १५८ चा.

७२ आणि १६७ यांत फरक सव्वादोन पटींहून थोडा अधिक. पण प्रत्यक्ष अंतर तेवढ्याच पटीने वाढत नाही. नॉकबॅक म्हणजे सुरुवातीचा वेग, आणि हा वेग ठरावीक दराने कमी होत जातो. दुप्पट वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर चौपट अंतर कापून थांबते, हे शाळेत शिकलो आहोत. इथेही तेच. गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवले तर आपल्या मारिओचे अंतर पाच पटींहून जास्त वाढते. म्हणून हा खेळ बघताना असे वाटते, की बराच वेळ काही होत नाही आणि मग एकाएकी एका फटक्यात माणूस पडद्याबाहेर. ते एकाएकी नसते, वर्गाचा पाढा आहे तो.

याच नॉकबॅकवरून आणखी एक गोष्ट ठरते. फटका बसलेला खेळाडू काही काळ भोवंडलेला असतो. त्याला उडी, वार, बचाव काहीच करता येत नाही. खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. नॉकबॅकच्या चार दशांश इतक्या फ्रेम ही भोवळ टिकते. ७२ च्या फटक्याला २८ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी. १६७ च्या फटक्याला ६६ फ्रेम, म्हणजे सेकंदाहून जास्त.

आता प्रश्न असा, की या भोवळीत खेळाडू अगदीच चेंडू होतो का?

काटकोनाचे रहस्य

होत नाही. याचे कारण फटका लागण्याच्या क्षणात आहे. ‘स्मॅश’मध्ये फटका लागला की मारणारा आणि मार खाणारा दोघेही क्षणभर जागच्या जागी थबकतात. फटक्याला वजन यावे म्हणून हे केलेले असते. हा थबका नसेल तर मार कागदी वाटतो. आपल्या १५ इजेच्या फटक्याला ही थबकण्याची वेळ ८ फ्रेम आहे, म्हणजे सेकंदाचा साधारण आठवा भाग.

हा थबका संपण्याच्या शेवटच्या फ्रेमला खेळ एक गोष्ट तपासतो. मार खाणाऱ्याने हातातल्या कंट्रोलरची दांडी कोणत्या दिशेला धरली आहे? त्यावरून उडण्याचा कोन बदलतो. यालाच खेळाडू इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीआय’ म्हणतात. आपण दिशेवरचा अंमल म्हणू या.

आणि इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. उजवीकडे उडालो तर दांडी डावीकडे ओढावी, असे कोणालाही वाटेल. बैल उधळला की कासरा उलट खेचायचा, तसे. पण ‘मेली’त उडण्याच्या बरोबर उलट दिशेला दांडी ओढून काहीही होत नाही. शून्य. उडण्याच्याच दिशेला धरूनही शून्य. परिणाम होतो तो उडण्याच्या दिशेशी काटकोन करून दांडी धरली तर. बरोबर काटकोन साधला तर उडण्याची दिशा १८ अंशांनी वळते, आणि ही कमाल मर्यादा. अर्ध्या काटकोनात, म्हणजे ४५ अंशांत धरली तर निम्मे, ९ अंश.

म्हणजे फटक्याचा जोर कमी करता येत नाही, फक्त दिशा वळवता येते. पुराच्या पाण्यात सापडलेला पोहणारा प्रवाहाविरुद्ध हात मारत बसला तर दमतो आणि वाहत जातो. शहाणा माणूस प्रवाहाला आडवा पोहतो आणि काठाला लागतो. वाहण्याचा वेग तोच, फक्त तो कुठे पोहोचतो हे बदलते.

१८ अंश म्हणजे फार नाही, असे वाटेल. हिशोब करून पाहा. एकाच जागेवरून निघालेल्या आणि १८ अंशांचे अंतर असलेल्या दोन वाटा १०० फुटांवर एकमेकींपासून ३१ फूट लांब गेलेल्या असतात. जगणे आणि बाद होणे यांतले अंतर बरेचदा यापेक्षा कमी असते.

कोपरा गाठा

मग दांडी नेमकी कुठे धरायची? पडद्याभोवतीची अदृश्य सीमा चौकोनी आहे. चौकोनी खोलीच्या मध्यभागी उभे राहिलात तर सर्वांत लांबची जागा कोणती? समोरची भिंत नव्हे, डोक्यावरचे छत नव्हे. भिंत आणि छत मिळतात तो कोपरा. उडणाऱ्याला जगायचे असेल तर त्याने कोपऱ्याकडे उडावे. तिथवर पोहोचेपर्यंत वेग ओसरतो आणि भोवळ संपते.

फटक्याने आडवे उडवले असेल, तर दांडी वर. उजवीकडे तिरपे, ४० अंशांच्या आसपास उडवले असेल, तर काटकोनाची दिशा येते वर आणि डावीकडे. कोन ५८ अंशांपर्यंत उभा होतो आणि बाजूची भिंत लांब पडते. सरळ वर उडवले असेल, तर दांडी डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे छताकडची सरळ वाट तिरपी होऊन लांबते. नियम एका वाक्यात सांगायचा तर, भिंत जवळ असेल तर उंची घ्या, छत जवळ असेल तर बाजूला व्हा.

हे झाले टक्के खूप चढलेले असतानाचे. टक्के कमी असताना धोका वेगळा. तेव्हा एका फटक्याने कोणी बाद होत नाही, पण मारणारा तुम्हाला हाताशी ठेवून लागोपाठ चार-पाच फटके लावू शकतो. अशा वेळी कोपऱ्याचा विचार सोडायचा आणि मारणाऱ्यापासून लांब जाईल अशी दांडी धरायची. म्हणजे जगण्यासाठी आत, सुटण्यासाठी बाहेर. कठीण वेळ मधली असते. साठ-सत्तर टक्क्यांवर पुढचा फटका बाद करणारा असेल की माळ ओवणारा, हे सांगता येत नाही. तिथे एक पर्याय निवडावा लागतो, आणि समोरचा नेमका तोच ओळखायला टपलेला असतो.

कारण एक हिशोब राहिला आहे. थबका ८ फ्रेमचा. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. म्हणजे फटका लागल्यावर विचार करू म्हणाल तर उशीर झालेला असतो. समोरच्याने हात उगारतानाच ओळखावे लागते, की हा कोणता फटका, तो कोणत्या कोनात उडवतो आणि आपल्याला कुठे जायचे आहे. हळू उगारलेला फटका ओळखता येतो. चपळ फटक्याला अंदाजच बांधावा लागतो. चांगला हल्लेखोर याचा फायदा घेतो. दिसायला सारखे, पण उलट दिशांना उडवणारे दोन डाव तो जवळ ठेवतो. एकासाठी दांडी बरोबर धरली तर दुसऱ्यासाठी ती हमखास चुकीची. मग तो तुमची सवय मोजू लागतो. घाबरल्यावर हा नेहमी कुठे दांडी ओढतो?

जमिनीला धरून

दिशेवरच्या अंमलाखेरीज मार खाणाऱ्याच्या पोतडीत आणखी तीन गोष्टी आहेत.

पहिली, बसकण मारणे. ‘मेली’त खाली बसलेल्या अवस्थेत फटका घेतला तर नॉकबॅक दोन तृतीयांशावर येतो. वेग आणि अंतराचे नाते लक्षात असेल, तर अंतर निम्म्याहूनही कमी होते हे ओळखाल. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद अंग खाली ठेवायला सांगतात, त्याचीच ही आठवण.

दुसरी, थबक्याच्या काळात सरकणे. त्या आठ फ्रेममध्ये दांडी झटक्याने हलवली तर खेळाडू जागचा थोडासा सरकतो, आणि जितक्या वेळा झटका तितक्या वेळा सरकतो. एकाच वारात पाच-सहा छोटे फटके असतील, तर त्यांच्या मधूनच निसटता येते. शिवाय थबका संपताना दांडी जिकडे असेल तिकडे आणखी एक छोटा धक्का आपोआप मिळतो. या शेवटच्या धक्क्यासाठी ‘मेली’त कंट्रोलरवरची दुसरी, पिवळी दांडी वापरता येते. म्हणजे एका अंगठ्याने उडण्याचा कोन वळवायचा आणि दुसऱ्याने पाय जमिनीकडे ओढायचे. दोन अंगठे, दोन वेगळे निर्णय, आणि वेळ सेकंदाचा आठवा भाग.

तिसरी गोष्ट, पडणे सावरणे. जमिनीवर किंवा भिंतीवर आपटण्याआधीच्या २० फ्रेममध्ये ढालीचे बटण दाबले, तर खेळाडू आपटत नाही, गिरकी घेऊन उभा राहतो. पण घाईत आधीच दाबले आणि वेळ चुकली, तर पुढच्या ४० फ्रेम ते बटण या कामाला निकामी. बडवत सुटणाऱ्याला शिक्षा आणि वेळ साधणाऱ्याला बक्षीस.

जपानी खेळाडू या सावरण्याला ‘उकेमी’ म्हणतात. हा शब्द ज्यूदोचा. १८८२ साली जिगोरो कानो यांनी ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोत नव्या विद्यार्थ्याला कोणाला फेकायचे हे नंतर, आधी स्वतः कसे पडायचे हे शिकवतात. आपल्या कुस्तीतही उचलून टाकला गेलेला चपळ पैलवान हवेतच अंग फिरवतो आणि पाठ मातीला लागू देत नाही. उचलला गेला म्हणजे चीत झाला असे नाही. आखाड्याभोवती बसलेल्या जाणत्यांचे लक्ष त्या क्षणी उचलणाऱ्याकडे नसते, उचलल्या गेलेल्याच्या खांद्याकडे असते.

किती हक्क द्यायचा?

मार खाणाऱ्याला हक्क द्यायचा हे ठरले, तरी किती द्यायचा हा प्रश्न उरतोच. पुढच्या खेळांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

१९९९ च्या पहिल्या खेळात थबक्यातले सरकणे होते, पण उडण्याचा कोन वळवता येत नव्हता. २००१ च्या ‘मेली’ने तो वळवू दिला. २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये भोवळ लवकर झटकून टाकता येऊ लागली. बचाव सोपा झाला, पण फटक्यांच्या माळा जवळजवळ संपल्या आणि मुरलेल्या खेळाडूंना तो खेळ संथ वाटू लागला. २०१४ साली थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर निघालेल्या खेळात निराळाच प्रयोग झाला. तिथे दांडीचा जोर उडण्याच्या वेगात सरळ मिसळला जाई. म्हणजे उलट ओढले की जोर कमी. नवख्या माणसाला जे वाटते तेच खरे झाले!

ऐकायला हे न्याय्य वाटते. पण त्यात निवडच उरली नाही. फटका कुठूनही येवो, उलट ओढा, झाले. काटकोन नको, कोपरा नको, समोरच्याचा हेतू ओळखणे नको. काही आठवड्यांतच सुधारित आवृत्तीत हा प्रकार काढून टाकला गेला आणि कोन वळवण्याची जुनी रीत परत आली. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘अल्टिमेट’मध्येही तीच आहे, मात्र १८ अंशांऐवजी सुमारे १० अंशांची. तीन कोटींहून अधिक प्रती खपलेला हा खेळ आहे. म्हणजे १८ की १० हा वाद काही मूठभर लोकांच्या खोलीतला नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. मार खाणाऱ्याचा हा हक्क मुळात दुबळ्याची बाजू घेणारा. पण ‘मेली’ आला तेव्हा या सूत्रांचा तपशील खेळाडूच्या हाती कोणी दिला नव्हता. १८ अंश, काटकोन, २० फ्रेम हे सारे खेळणाऱ्यांनी प्रयोग करून, एकमेकांना सांगून, प्रोग्रॅम उलगडून शोधले. परिणाम असा, की ज्याला गरज जास्त त्यालाच हा हक्क ठाऊक नाही. घरातला मोठा भाऊ शंभर टक्क्यांवर उडूनही परत येतो, धाकटी बहीण सत्तरवर बाद होते. तिला वाटते त्याचा हात जड आहे, किंवा तो काहीतरी लबाडी करतो. खरे कारण एवढेच, की उडताना तो दांडी धरून असतो आणि ती कंट्रोलर मांडीवर ठेवून मोकळी होते. कायदा पुस्तकात असतो आणि वकील एकाच पक्षाकडे असतो, तसा हा प्रकार.

पण याला दुसरी बाजूही आहे. शोधून काढलेले ज्ञान या मंडळींनी लपवून ठेवले नाही. सराव करता यावा म्हणून हौशी लोकांनी ‘मेली’च्या खास आवृत्त्या बनवल्या. २०२० साली ‘स्लिपी’ नावाच्या व्यवस्थेत दूरवरून खेळण्याची सोय आली. तिच्यामुळे एकोणीस वर्षांचा जुना खेळ घरबसल्या, दूरच्या माणसाशी, जवळजवळ समोरासमोर बसल्यासारखा खेळता येऊ लागला. करोनाच्या टाळेबंदीत हीच व्यवस्था खेळाडूंच्या उपयोगी पडली. ती प्रत्येक सामन्याची नोंद ठेवते. दर फ्रेमला दांडी कुठे होती हे नंतर पाहता येते. आपण घाबरल्यावर कुठे ओढतो हे खेळाडूला स्वतःला कळते. २०१३ साली ‘इव्हो’ या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत शेवटचा खेळ कोणता घ्यायचा, हे स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी कोण जास्त देणगी गोळा करतो यावर ठरले. ‘मेली’च्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमवली. बारा वर्षांपूर्वीच्या खेळासाठी! ज्या खेळात शिकण्यासारखे काही उरत नाही, त्याच्यामागे माणसे इतकी वर्षे राहत नाहीत.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. दांडीला पुनःपुन्हा झटके देण्याने अंगठा आणि मनगट दुखावते. तासन्‌तास खेळणाऱ्यांना हे दुखणे जडलेले आहे. तेव्हा मूल खेळत असेल तर मधून मधून हात मोकळा करायला सांगावे. आणि जमल्यास शेजारी बसून एक सामना पाहावा. पाहताना लक्ष मारणाऱ्याकडे ठेवू नये, ते आपोआप जातेच. जो उडाला आहे त्याच्या अंगठ्याकडे पाहावे. दांडी सैल सुटली आहे, की काटकोनात घट्ट धरली आहे?

सैल सुटलेली दिसली तर त्याला ओरडून बटणे दाबायला सांगू नका, त्याचा उपयोग नाही. फक्त विचारा, ‘भिंत जवळ आहे की छत?’ दोन-चार वेळा विचारलेत की पुढच्या वेळी तो स्वतःच वर पाहील, अंगठा वळवील आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईल. मोठ्या भावाला मग नवा डाव शोधावा लागेल.